मोतीरामनानांच्या गाडीवरचे ठिपके

मोतीरामनानांना नुसती गाडीच धुवायची असती, तर मातोरीहून नाशिकला येताना वाटेत चार वॉशिंग सेंटर लागतात. त्यातलं एकही त्यांना दिसलं नाही. सकाळी साडेनवाला ते थेट पेठ रोडवर प्रतिभाच्या गाड्या धुण्याच्या पत्र्याच्या शेडसमोर येऊन थांबले आणि ती बाहेर येईपर्यंत त्यांनी हॉर्नवरचा हात काढला नाही. भांडायला निघालेल्या माणसाला पत्ता विचारावा लागत नाही.

नाना म्हणजे प्रतिभाच्या वडिलांचे चुलतभाऊ. बांधाला बांध लागलेला. वडील होते तोवर नाना ‘दादा, दादा’ करत ओट्यावर बसून चहा प्यायचे. वडील गेले आणि दोन वर्षांत नानांच्या लक्षात आलं, की प्रतिभाच्या आईच्या, झुंबरबाईच्या शेतात जाणारी गाडीवाट आपल्या जमिनीतून जाते. ती तीन पिढ्या तिथूनच जात होती, पण नानांना आत्ता दिसली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, तिळगुळाची चव तोंडात असतानाच, त्यांनी वाटेवर लोखंडी गेट ठोकलं आणि त्याला कुलूप घातलं. तेव्हापासून फुलांचा टेम्पो आत येईना. चौसष्ट वर्षांची झुंबरबाई शेवंतीच्या पाट्या डोक्यावर घेऊन पाटाच्या कडेनं डांबरी रस्त्यापर्यंत चालत होती. या गोष्टीला आता तीन आठवडे झाले होते.

नानांच्या मागोमाग गाडीतून भारत उतरला. भारत गावचा पोलीस पाटील. चुकून दुसऱ्याच्या पंगतीला बसलेल्या माणसासारखा त्याचा चेहरा झाला होता.

“बघ,” नाना म्हणाले. “तुझ्या आईनं काय केलंय ते बघ.”

गाडी पांढरीशुभ्र, दसऱ्याला घेतलेली. उजवीकडून पाहिली तर तिच्यावरून माशी घसरावी. डावीकडून मात्र गोवर उठल्यासारखी दिसत होती. दोन्ही दारांवर, मडगार्डवर, बोनेटच्या अर्ध्या भागावर मोहरीएवढे तांबूस ठिपके होते. शेकड्यांनी.

“ॲसिड टाकलंय तिनं. गाडी सडंल म्हणाली व्हती, पाच माणसांसमोर. आन् हे बघ, गेटावरच्या कॅमेऱ्यात घावली.”

नानांनी मोबाइल तिच्या नाकाशी धरला. सकाळची वेळ होती, गेटजवळ नानांची गाडी. पाठीवर फवारणीचा पंप घेतलेली झुंबरबाई चालत येते, गाडीच्या डाव्या बाजूला थांबते, हात पुढं करते. मग निघून जाते. चित्रात एवढंच होतं. प्रतिभानं ते दोनदा पाहिलं.

नानांनी खिशातून स्टॅम्प पेपर काढला. टाइप करूनच आणला होता. “वाटेवर आमचा हक्क नाय, कधी नव्हता, एवढंच लिव्हलंय. दुपारपर्यंत वहिनीचा अंगठा पाहिजे. नायतर मी इथनं थेट पोलीस स्टेशनला जातो. भारतला साक्षीलाच आणलाय. आन् हे डाग तू काढायचे, फुकट. आईनं घाण केली, लेकीनं धुवायची.”

“आई सही करते,” प्रतिभा म्हणाली. “अंगठा नाही लावत.”

“मंग सही करू दे. कोठडीत काय, अंगठा आन् सही सारखीच.”

प्रतिभाचे कान तापले. पण ती शेडच्या मागं गेली आणि आईला फोन लावला. झुंबरबाईचा राग तिला ठाऊक होता. फुलबाजारात भाव पाडून मागणाऱ्या एका दलालाच्या डोक्यावर या बाईनं झेंडूची अख्खी पाटी उपडी केली होती.

“आई, नानांच्या गाडीवर तू काही टाकलंस का?”

पलीकडं पाटाच्या पाण्याचा आवाज येत होता. आई काहीच बोलली नाही. मग फोन कट झाला. प्रतिभानं परत लावला, तो उचलला नाही. नाही टाकलं म्हणायला किती वेळ लागतो? प्रतिभाला रडू आलं आणि त्याहून जास्त आईचा राग आला. एवढा धीर धरला होतास, अजून चार दिवस धरायचा होतास. आता वाट जाणार होती, आणि तीही आपल्याच हातानं सही करून.

ती तोंडावर पाणी मारून बाहेर आली. “थांबा. डाग कशाचे आहेत ते आधी बघते. मग आईला बोलावते.”

“कशाचे ते मी सांगितलं ना!”

“तुम्ही कोणी टाकले ते सांगितलंत. कशाचे ते मला बघू द्या.”

“बघू द्या ना नाना,” भारत म्हणाला. “उद्या साहेब मला हेच विचारतील.”

नाना प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. स्टूल कुरकुरलं. प्रतिभानं गाडीची डावी बाजू फेस मारून धुतली. धूळ गेली, ठिपके होते तिथंच. फवारणीच्या औषधाचे, चुना-मोरचुदाचे डाग असते तर व्हिनेगरला हटले असते. तिनं फडकं व्हिनेगरमध्ये बुडवून एका दारावर दाबून धरलं. मनात आईच्या पंपातलं औषध होतं. फडकं उचललं. ठिपके जसेच्या तसे. मग घासलेटाचा बोळा फिरवला, कारण रस्त्याचं डांबर त्यानं सुटतं. बोळा स्वच्छ निघाला.

“झाला का खेळ?” नाना म्हणाले. “ॲसिडचं हाय ते. जात नसतं.”

प्रतिभानं हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घातली आणि बोटं दारावरून हळूहळू फिरवली. हे तिला अंबडच्या गॅरेजमधल्या जुन्या उस्तादानं शिकवलं होतं. नुसत्या बोटाला जे कळत नाही, ते पिशवीतल्या बोटाला कळतं. बोटांखाली बारीक रवा लागला. तिनं परत हात फिरवला.

“भारतभाऊ, इकडं या. पिशवी घाला हातात. काय लागतंय?”

“खरखर लागतीया.”

“वर आलंय की खाली गेलंय?”

भारतनं डोळे मिटून हात फिरवला. “वर.”

“ॲसिड रंग खातं. खड्डा पडतो. हे तर वर उगवल्यासारखं आहे.” ती पुढच्या दाराच्या काचेकडं सरकली. “आणि आता इथं लावा हात.”

काचेवरही तीच खरखर होती. जवळून पाहिलं तर काचेतही तेच तांबूस ठिपके रुतले होते.

“ॲसिड बाटलीत ठेवतात, नाना. काचेच्याच बाटलीत.”

नाना उठले. “मला शिकवू नको! दोन स्पंज घेऊन बसली म्हणजे काय मोठी डॉक्टरीण झाली का तू? आईला वाचवायला बघतीया, समजत नाय का मला?”

“वाचवायला नाही. मलाही वाटलंच होतं, तिनंच केलं म्हणून,” प्रतिभाच्या तोंडून निघून गेलं. ऐकून तिलाच वाईट वाटलं.

तिनं भिंग लावलं. प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढा काळा कण आणि भोवती गंजाचं कडं होतं. आता तिला कळलं. फळीवरून तिनं एक बाटली काढली आणि मागच्या दारावर फवारा मारला. पाण्यासारखं औषध. सडक्या अंड्याचा वास सुटला आणि नानांनी नाकाला रुमाल लावला. मिनिटभर काही झालं नाही. मग एकेका ठिपक्यातून जांभळा ओघळ फुटला. बघता बघता दारभर जांभळ्या रेघा उतरल्या आणि खाली फरशीवर थेंब पडू लागले.

“हे औषध लोखंडालाच जांभळं होतं,” प्रतिभा म्हणाली. “बाकी कशाला नाही.”

“रंग मिसळलाय तिनं त्याच्यात! भारत, फसवतीया ती!”

प्रतिभानं बाटली भारतच्या हातात दिली. “तुम्हीच मारा. उजव्या दारावर.”

भारतनं मारलं. तिघं बघत राहिले. उजव्या दारावरून औषध पाण्यासारखं निथळून गेलं. रंग नाही, रेघ नाही. भारत बाटलीकडं बघत बसला, मग गाडीच्या डाव्या बाजूकडं, मग नानांकडं.

“नाना, गेट बसवत व्हते तवा गाडी कुठं व्हती?”

“असंल कुठंबी.”

“कडुनिंबाखाली व्हती. डावी बाजू गेटाकडं करून. तुम्ही एसी लावून आत बसला व्हता अन् काचंमधनं काम बघत व्हता. स्टेटसला टाकलं व्हतं की तुम्ही. वेल्डर ग्रायंडरनं पाइप कापतोय, ठिणग्या पार गाडीवर उडत्यात, फुलबाज्यांसारख्या. मीच खाली लाइकचा अंगठा टाकला व्हता.”

नानांनी मोबाइल खिशात टाकला.

“ठिणगी म्हणजे तापलेलं लोखंड,” प्रतिभा म्हणाली. तिला आता थांबवत नव्हतं. “ती रंगात रुतली, काचेतही रुतली. वर तीन आठवडे थंडीचं दव पडलं आणि सगळे कण गंजले. तुमच्या गेटनंच तुमची गाडी नासवली, नाना. आणि तुम्ही माझ्या म्हाताऱ्या आईला कोठडी दाखवता? लाज वाटली पाहिजे!”

“मंग कॅमेऱ्यात ती काय करत व्हती?”

“ते तिला विचारा. तोंड असेल तर.”

नानांनी बोनेटवर ठेवलेला स्टॅम्प पेपर उचलायला हात घातला, पण भारतनं तो आधीच उचलला होता. त्यानं चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

“तो दे इकडं.”

“राहू द्या माझ्याकडं. उद्या झुंबरमावशीनं वाटेसाठी तहसीलदाराकडं अर्ज टाकला तर मला बोलावतील. खोटा आळ घेऊन कागद करून घेत व्हते, हे मला सांगावं लागंल. तुम्हीच आणलंय ना मला साक्षीला?”

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. नानांच्या मानेवरची शीर फुगली. ते भारतला भाडखाऊ म्हणाले, प्रतिभाला आईवर गेलेली म्हणाले, आणि मेलेल्या दादांनाही त्यांनी सोडलं नाही. मग जुडग्यातून एक किल्ली ओढून काढली आणि बोनेटवर आपटली. “घे. आन् माझी गाडी साफ कर.”

“कुलूप आज निघेल, पण गेटही काढायला लागेल,” प्रतिभा म्हणाली. “कापाल तेव्हा गाडी लांब लावा.”

तिला साडेतीन तास लागले. जांभळं पाणी धुवायचं, परत औषध मारायचं, मग क्लेचा, म्हणजे चिकट मातीचा मऊ गोळा ओल्या पत्र्यावरून फिरवून उरलेले कण उचलायचे. घाईनं घासलं असतं तर तेच कण रंगावर ओरखडे काढत गेले असते. माणसाचा राग गाडीवर काढायचा नाही, हेही अंबडच्या उस्तादाचंच. नाना तेवढा वेळ पाठ करून बसले होते. निघताना त्यांनी पूर्ण डाव्या बाजूवरून हात फिरवला आणि म्हणाले, “आरशाखाली एक राह्यलाय.” खरंच राहिला होता. प्रतिभानं तोही काढला. आभार वगैरे शब्द नानांच्या कोशात नव्हतेच.

संध्याकाळी ती स्कूटरवर मातोरीला गेली. गेटचं कुलूप काढलं, दोन्ही फाटकं ढकलून उघडली आणि वाटेनं सरळ शेतात आली. झुंबरबाई शेवंती खुडत होती. उघड्या गेटाकडं तिनं एकदा पाहिलं आणि परत खाली वाकली.

“आई, मिटलं सगळं. डाग तुझ्यामुळं नव्हते.”

“मला म्हायती हाय. मी टाकलं असतं तर गावभर सांगितलं असतं.”

“मग फोन का ठेवलास?”

“तू इचारलंस म्हणून.” आई वाकलेलीच होती. “त्यानं इचारलं असतं तर चार शिव्या घातल्या असत्या. तुला काय घालू?”

प्रतिभाही खाली बसली आणि फुलं खुडू लागली. एक ओळ दोघींनी मिळून संपवली.

“गाडीला हात लावत होतीस कॅमेऱ्यात,” शेवटी प्रतिभा म्हणाली.

“पुरळ उठल्यावानी दिसलं. हात लावून बघितला, तर खरखर लागली. कशाचं व्हतं ते?”

“लोखंडाचं. गेट कापताना ठिणग्या उडाल्या, त्या रुतल्या आणि गंजल्या.”

झुंबरबाई ताठ उभी राहिली. हातातली फुलं तशीच राहिली. “गेटाच्या लोखंडाचं?”

“हो.”

“गाडी सडंल असं मी म्हणालेच नव्हते. मोत्या अर्धंच सांगत फिरतोय. मी म्हणाले व्हते, ज्या लोखंडानं माझी वाट अडवलीस, तेच लोखंड तुझी गाडी खाईल.” ती बांधापलीकडं, नानांच्या घराकडं बघत राहिली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर सुख दिसलं. मग ती लेकीकडं वळली. “आन् तू काय केलंस त्या ठिपक्यांचं?”

“काढले. एकूण एक.”

“आरशाखालचे बी?”

“आरशाखालचा पण.”

झुंबरबाईनं हातातली फुलं पाटीत आपटली. “लागलं व्हतं ना माझं बोलणं त्याला! मंग कशाला काढलेस, सटवे?”