मामाचा वळसा

विमान यायच्या आधी धावपट्टी पाहून यायची, हे तिचं काम. जीप मामाची. म्हणजे सरकारीच, पण मामाखेरीज कुणी तिला हात लावल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मामा तिचा सख्खा. लहानपणी दिसेल ते मोजत सुटायची म्हणून तो तिला फूटपट्टी म्हणायचा.

आज दादा येणार होता. तिचा भाऊ, आणि इथं उतरणाऱ्या पहिल्या मोठ्या विमानाचा वैमानिक. आई सकाळपासून विमानतळाच्या नव्या दालनात काचेला नाक लावून बसली होती.

पांढऱ्या रेषेवरून चाललेली जीप एका जागी डावीकडे वळली आणि पुन्हा रेषेवर आली.

"मामा, इथं दर वेळी का रे वळतोस?"

"हात वळतात गं. सवय."

"खड्डा तर नाही."

"नाही ना? मग झालं तर."

तिनं जीप थांबवायला लावली. लोखंडी गजानं काँक्रीट ठोकलं. इतरत्र खणखणायचं, इथं भद्द आवाज आला. खाली वाकली तर केसाएवढी भेग. काँक्रीटला तडे जातात ते सरळ, नाहीतर वेडेवाकडे. हा मात्र वर्तुळाचा तुकडा होता.

"खाली काय आहे?"

मामानं कान खाजवला. "विहीर. लढाईच्या दिवसांत घाईघाईनं पट्टी केली, तेव्हा रिकामी पिंपं टाकून बुजवली. माझा बाप होता त्या कामावर. मला म्हणाला, इथून गाडी नेऊ नकोस."

"आणि तू कुणालाच बोलला नाहीस?"

"छोटी विमानं उतरतच होती की! उगाच कशाला तोंड उघडू?"

ओल्या मातीत पत्रा किती टिकतो, हे तिनं परीक्षेत लिहिलं होतं. या पिंपांचं वय कधीच सरलं होतं.

रेडिओवर मॅनेजर कडाडला. "बाई, विमान समोर दिसतंय! पट्टी मोकळी आहे म्हणा. आज ते परत गेलं तर पुन्हा येणार नाही. टाळं लागेल इथं."

"मोकळी नाही, साहेब."

"आहे काय पट्टीवर?"

"आमची जीप."

विमान डोक्यावरून गरजत वर निघून गेलं. तिनं टॉवरला विहिरीचं सांगितलं. टॉवरनं ते दादाला कळवलं असावं, कारण थोड्या वेळानं रेडिओवर त्याचाच आवाज आला. "फूटपट्टे, तेवढी जागा सोडून पुढे टेकतो. चालेल?"

तिनं मनात हिशेब केला. पुढची लांबी पुरत होती. चालेल म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि मामाकडे पाहिलं. तो गवताकडे बघत होता.

"मामा?"

"गाव होतं गं इथं," तो म्हणाला. "एका विहिरीवर कुठं गाव चालतं?"

"बाकीच्या कुठं आहेत?"

"बापाला ही एकच ठाऊक होती."

लांबच लांब पट्टी उन्हात चकाकत होती. सगळीकडे सारखीच.

तिनं बटण दाबलं. "दादा, परत जा."

"अगं, पण आई..."

"तिला मी सांगते. तू जा."

विमानानं पंख कलता केला आणि ते लहान होत गेलं. मॅनेजर इमारतीतून बाहेर पडून थेट पट्टीवरून त्यांच्या दिशेनं धावत सुटला होता, दणादणा पाय आपटत.

"साहेब, थांबा!" ती ओरडली. "धावू नका! आहात तिथेच उभे राहा!"