कारखान्यामागचं गरम पाणी

जुलैच्या धुक्यात मुरांगाच्या डोंगरावर चहा खुडायचा म्हणजे बोटांचं वाटोळं. वीस-पंचवीस वर्षं खुडणाऱ्या बायकांची बोटं सकाळी मिटतच नाहीत. म्हणून उजाडलं की त्या चहाच्या कारखान्यामागे जमत. तिथे लाकडांच्या थप्पीआड भिंतीतून एक पाइप बाहेर आला होता आणि त्यातून कढत पाणी चरात पडे. बादलीत विसण घालून त्या हात बुडवून बसत आणि मग पाठीला टोपल्या लावून मळ्यात जात. गिथायगाची आई त्यांच्यातली सगळ्यांत जुनी.

गिथायगा त्याच कारखान्यात फिटर होता, नऊ वर्षं हंगामी. मॅनेजरचं "पुढच्या वर्षी बघू" काही संपत नव्हतं. त्या साली सरकार आणि चहा कारखान्यांची संघटना यांनी मिळून ऊर्जा वाचवायची योजना काढली. जो सगळ्यांत मोठी गळती दाखवेल तो कायम होणार, असं मॅनेजरनं फक्त फिटरांना आत बोलावून सांगितलं.

सरकारकडून मुतिसो नावाचे इंजिनिअर आले. माणूस सरळ. गिथायगाला बरोबर घेऊन चार दिवस त्यांनी कारखाना पालथा घातला.

"वाफेचं पाणी झालं की ते परत बॉयलरला यायला हवं," ते म्हणाले. "तुमच्याकडे निम्मंसुद्धा येत नाही. आणि त्याच्या जागी गार पाणी तापवायला लाकडं तोडून तुम्ही डोंगर बोडका करताय, बाबा!"

गिथायगानं त्यांना थप्पीमागचा सोडून बाकी सगळे पाइप दाखवले. पाचव्या दिवशी मुतिसो सामान आवरू लागले, तेव्हा मात्र त्याला राहवेना.

"साहेब, जरा त्या थप्पीमागे चला." पाइप दाखवून त्यानं चाचरत विचारलं, "इथे बायकांसाठी एक नळ ठेवता येईल?"

"का नाही? लिहून दे. पुढच्या टप्प्यात बसवू."

त्यानं लिहून दिलं. तो पुढचा टप्पा कुठे अडला, देव जाणे. पाइप मात्र आठवड्याभरात बॉयलरकडे वळवला गेला, आणि तेही काम गिथायगाच्याच वाट्याला आलं. महिनाअखेर तो कायम झाला. आईनं शेळी कापून गाव जेवू घातलं.

रविवारी दुपारी आई कोरा कागद घेऊन आली. बरोबर शेजारची गाथोनी होती.

"बॉयलरला थंडी वाजते म्हणे," गाथोनी म्हणाली. "आपण काय, मेल्या म्हशी!"

"मॅनेजरला अर्ज लिही," आई म्हणाली. "लिही, की ज्या कुणी तो पाइप दाखवला, त्याच्या आईनं जन्मात चहाचं पान खुडलेलं नसणार."

गाथोनी खो खो हसली. गिथायगानं खाली मान घालून शब्द न् शब्द लिहिला. त्याला स्वतःची किळस आली. आईला पेन धरवेना, म्हणून तिचा हात हातात घेऊन त्यानंच सही करवली. बोटं लाकडासारखी ताठ होती.

"आई," तो म्हणाला, "मला तुला..."

"आधी ऐक. तुझं नाव कुठे घालू नकोस हो," ती कुजबुजली. "आत्ता कुठे कायम झालायस. आमच्यापायी तुझं नुकसान नको."

तो "बरं" म्हणाला.