वाटाड्याची धून

"अहो, गेल्या रविवारी लढाई ऐन रंगात आणि तुमच्या दादांनी नाचाची धून लावली! हसावं की रडावं?" मास्तरांनी मला जिन्यातच गाठलं. "आजचा रविवार बघतो. नाहीतर पुढच्या वेळेपासून संगीत मीच लावीन."

डोकंच फिरलं माझं. बारा वर्षं दादाच्या संगीतामुळे ह्यांच्या गोष्टी ऐकताना अंगावर काटा यायचा, ते सोयीस्कर विसरले. पण चूक झाली होती, हेही खरंच. बॉयलरखान्यातल्या तीस वर्षांनी दादाचे कान निकामी केले होते आणि ते फक्त मला ठाऊक होतं. वहिनी गेल्यापासून मास्तरांची ही खोली सोडली तर त्याला जायला जागा नव्हती.

आमचा खेळ साधा. मास्तर गोष्ट सांगतात, नर्सबाई आणि मी त्यातली पात्रं होतो आणि आम्ही जगायचं की मरायचं ते फासे ठरवतात. दादा फासे टाकत नाही. तो छोट्या स्पीकरवर तळहात ठेवून बसतो आणि मोबाइलवरून प्रसंगाला साजेशी धून लावतो. नियम एकच, तोही त्यानंच घातलेला. पात्र मेलं की त्याची धून संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, फाशांना शिवायचं नाही.

त्या दिवशी मी टेबलाखालून त्याचा गुडघा दाबत होतो. एकदा दाबलं की भीती, दोनदा दाबलं की लढाई, तीनदा दाबलं की मरण. गाडी सुरळीत चालली होती.

"आज काय बहार आणलीत हो दादा!" नर्सबाई म्हणाल्या. दादा त्यांचं तोंड बघून लहान मुलासारखा हसला. मला भडभडून आलं.

आणि पुलावर माझा वाटाड्या पडला. अकरा वर्षं जपलेलं पात्र. फाशावर एक.

"गेला," मास्तर म्हणाले.

मी गुडघा तीनदा दाबला. दादानं धून लावली, पण आवाजच आला नाही. स्पीकरवरचा दिवा विझला होता. मास्तरांनी तोंड उघडलं. मी त्यांना हात जोडले. त्यांनी दादाकडे पाहिलं, मग स्पीकरकडे, आणि मुकाट्यानं मान खाली घातली.

चार मिनिटं आम्ही तसेच बसलो. नर्सबाई पदरानं डोळे टिपत होत्या. शेवटी दादानं मोबाइलवर अंगठा फिरवून आवाज हळूहळू कमी केला.

"बोला आता," तो म्हणाला.

घरी परतताना तो रस्त्यात थांबला. "स्पीकर काल चार्जिंगला लावायचा राहिला रे."

त्याला ओठ दिसतील असा समोर उभा राहून मी विचारलं, "कधी कळलं तुला?"

"हात होता की माझा त्याच्यावर. थरथर नाही लागली."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही सगळे गप्प बसला होतात. म्हटलं, वाटाड्याचं नीट होऊ दे."

पुढच्या रविवारी मी चपला घालून त्याची वाट बघत दारात उभा होतो. दादा बाहेर आला तो घरातल्याच कपड्यांत. पुसलेला स्पीकर आणि गुंडाळलेली वायर त्यानं माझ्या हातात दिली.

"पूर्ण चार्ज केलाय," तो म्हणाला. "मास्तरांना दे."