माझ्या भांड्यातली पहिली खरवड

मित्रांनो, विजेवर भात शिजवणारा मी एक जपानी कुकर. वय झालं, पण स्वस्थ बसणं काही जमत नाही. भात झाला की माझी कळ आपोआप 'टक्' करते. त्या 'टक्'चा मला भारी अभिमान.

आमगावच्या भातगिरणीत यंत्रं बसवायला तीन जपानी कुटुंबं आली, त्यांच्या सामानातून मीही आलो. सोबत एक जड लोखंडी ठोकळा होता. इथली वीज मला सोसत नाही. तो तिचा जोर कमी करून मला देई. रविवारी सगळी मंडळी माझ्याभोवती जमायची. स्वयंपाकाच्या कुंदाबाई मात्र नाक मुरडायच्या. "पेज काढत नाई, मंग चिपकून रायते. हा भात व्हय का लाडू?"

काम संपलं, कुटुंबं मायदेशी गेली. यंत्रांच्या देखरेखीला एकटे सावादासाहेब उरले. एकट्यासाठी काय शिजवायचं, म्हणून त्यांनी मला कुंदाबाईंना देऊन टाकलं. त्यांच्या घरी मी फळीवर, ठोकळा खाली कोपऱ्यात. एक दिवस भंगारवाला ओरडत आला आणि कुंदाबाईंच्या नवऱ्याने, गोपीचंदने, ठोकळा त्याला दिला. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर.

पुढे साहेब तापाने पडले. अन्नाला शिवेनात. कुंदाबाईंनी मला खाली काढलं, चिन्नोर तांदूळ धुऊन घातला, पिन हातात घेतली.

"अवो, याचा ठोकळा कुठी हाय?"

"तो व्हय? भंगारात देला. कायले पाहिजे? सरळ लाव न."

पिन भिंतीपाशी आली. मला ओरडायला तोंड नाही.

"नोको," त्या थबकल्या. "साहेब सांगून रायले होते, त्याच्याबिगर जळते म्हून."

त्यांनी माझ्या पोटातलं भांडं काढून थेट चुलीवर चढवलं, झाकणावर वरवंटा ठेवला. पेज काढली नाही. भात तळाला लागला. भांडं तसंच साहेबांच्या घरी नेऊन वरचा वरचा त्यांनी साहेबांना वाढला, पण साहेब भांड्यातच डोकावले.

"ते खरवड हाय साहेब, जळकी."

"मेरी माँ यही देती थी," साहेब म्हणाले आणि चमच्याने तळ खरवडू लागले.

मित्रांनो, इतकी वर्षं मी ऐटीत 'टक्' करून थांबायचो. साहेबांना हवं होतं ते त्या 'टक्'च्या जरा पुढेच होतं.

भांडं काळं होऊन परत आलं. कुंदाबाईंनी गोपीचंदला भंगारवाल्याकडून ठोकळा परत आणायला पिटाळलंय. तेव्हा एखादी वस्तू टाकताना तिच्यावाचून कोणाचं अडेल, एवढं विचारत जा. दारात सायकल वाजली की मला वाटतं, आला. या खेपेला मी 'टक्' जरा उशिरा करीन.