तिसरा ओटीपी

वडीगोद्रीत हायवेच्या कडेला मोनालीचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं, आणि गावाची एक सोयीची रीत होती. फॉर्मवर मोबाईल नंबर मोनालीचाच टाकायचा. कुणाचा रिचार्ज संपलेला, कुणाचं सिम बदललेलं, कुणाचा फोन पोराने पुण्याला नेलेला. "तुझाच टाक की बाई, एक काम कमी." असं करता करता निम्म्या गावाचे ओटीपी मोनालीच्या फोनवर यायला लागले. चार वर्षांपूर्वी बेबीनंदाच्या घरकर्जाच्या फॉर्मवरही तोच नंबर गेला होता.

त्या दुपारी बेबीनंदा त्याच कर्जाचा उतारा काढायला आली होती. शाळेत खिचडी शिजवून, पदराला हात पुसत आलेली. नवरा राजानंद वारला, तेव्हापासून हप्ता तिच्याच जिवावर चालला होता.

"गहाण म्हंजे घर विकलं न्हाई, ताई," मोनाली तिला समजावत होती. "घर तुझंच. फक्त मूळ कागद कर्ज देणाऱ्या कंपनीच्या कपाटात. दर हप्त्यातलं थोडं व्याजात जातं, थोडं मुद्दलात. आधी व्याजच जास्त खातं. आता बघ, मुद्दल सरत आलं. अकरा हप्ते राह्यले. मंग कागद तुझ्या हातात."

"अकराच?" बेबीनंदा म्हणाली. "नीट मोज."

तेवढ्यात तिचा दीर भुजंग आत आला आणि त्याने शटर अर्धं खाली ओढलं. कर्ज घेताना पगाराचा कागद त्याच्याकडे होता, म्हणून त्याचंही नाव अर्जात होतं, आणि कर्जाचे पैसेही त्याच्याच खात्यात जमा झाले होते.

"वहिनी, बरं झालं हितंच घावली," तो म्हणाला. फोन त्याने काउंटरवर आपटला. "कंपनी याच घरावर वाढीव कर्ज देऊन राह्यली. ना सही, ना चक्कर. बटन दाबलंय मी. मोनाली, ओटीपी सांग."

"कशाला वाढीव, भाऊजी?"

"जुनी जेसीबी घ्यायची. तुला काय करायचं?"

मोनाली शांतपणे म्हणाली, "ताई, हे झालं तर अकराचे एकशेवीस हप्ते होतील. हप्ता दुप्पट. कागद धा वर्षं सुटायचे न्हाईत."

भुजंगने काउंटरवरून हात लांबवून तिच्या कानशिलात मारली. कानात शिट्टी वाजावी तसं झालं. बेबीनंदा मधे पडली, तिला त्याने कोपराने भिंतीवर फेकलं. मग काउंटर ओलांडून त्याने मोनालीची मान धरली आणि तोंड कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर नेलं. फोनचे मेसेज तिथेच दिसायचे. पीकविमा, रेशन, शिष्यवृत्ती, सगळ्यांचे आकडे एकाखाली एक, इंग्रजीत. कुठला कुणाचा, हे फक्त मोनालीला कळायचं.

तिला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. तीन वेळा चुकीचा ओटीपी गेला, की कंपनीच्या ॲपवरचं खातं चोवीस तासांसाठी बंद पडतं.

"तो," तिने बोट दाखवलं. तो गावातल्या कचरूच्या रेशनकार्डाचा होता.

भुजंगने आकडे टाकले. फोनने 'चूक' दाखवलं. त्याने तिचं डोकं काउंटरवर आपटलं. दाताखाली ओठ फाटला आणि उताऱ्यावर रक्त सांडलं.

"बराबर सांग."

"तो खालचा."

तोही चुकला. तेव्हा त्याने तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट मागे वाकवलं. वाळली तुराटी मोडावी तसा आवाज आला. मोनाली ओरडलीच नाही आधी. मग जे ओरडली, ते शेजारच्या पंक्चरवाल्याने ऐकलं आणि त्याने आपला कंप्रेसर बंद केला.

"लबाड रांड," भुजंग म्हणाला. "आता मीच बघतो. नवा मागवतो. जो सगळ्यात वर येईल, तोच माझा."

त्याने बटन दाबलं. आकडा वर आला. भुजंग फोनवरून मान उचलेपर्यंत मोनालीने डाव्या हाताने कॉम्प्युटरवर उघड्या असलेल्या कचरूच्या अर्जावर 'पुन्हा पाठवा' दाबलं होतं. नवा आकडा त्या आकड्याच्या डोक्यावर जाऊन बसला. भुजंगने एकेक अंक बोट ठेवून वाचला, टाकला.

तिसऱ्यांदा चूक. खातं बंद. उद्या दुपारी सव्वातीनला पुन्हा प्रयत्न करा.

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने प्रिंटर उचलून मोनालीवर फेकला. तिने खांदा आडवा धरला. तो तिचा गळा आवळायला वाकला, तोच बेबीनंदाने शटर ओढायचा लोखंडी आकडा त्याच्या डोक्यात घातला. एकदा, मग पुन्हा. तिसऱ्यांदा उगारला तेव्हा पंक्चरवाल्याने आत शिरून तिचा हात धरला. भुजंग डोकं दाबून, रांगत, शटरखालून बाहेर पडला.

"उद्या सव्वातीनला," तो बाहेरून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी कंपनीच्या अंबडच्या शाखेत गेल्या. मोनालीचं बोट प्लास्टरमध्ये होतं, म्हणून अर्ज बेबीनंदाने स्वतः लिहिला होता. तिला पाऊण तास लागला. नंबर बदलायचा, आणि माझ्या सहीशिवाय या घरावर वाढीव पैसे द्यायचे नाहीत.

जिन्यावर भुजंग डोक्याला पट्टी बांधून उभा होता. त्याने बेबीनंदाचे केस धरले आणि कपाळ कठड्यावर आपटलं. मोनालीने त्याच्या मनगटाचा चावा घेतला, सोडला नाही. त्याने तिच्या पोटात लाथ घातली तरी नाही. रखवालदार धावला, दोन गिऱ्हाइकं धावली, आणि चौघांनी मिळून त्याला खाली दाबलं.

बेबीनंदा उठली. कपाळाचं रक्त डोळ्यात उतरत होतं. ती तशीच वर गेली आणि कागद टेबलावर ठेवला.

अधिकारी खुर्चीतून उठून उभाच राहिला. "बाई, आधी दवाखाना बघा. पोलिसांना फोन करतो."

"करा. आधी हे घ्या."

त्याने वाचलं, कॉम्प्युटरमध्ये नोंद केली, शिक्का मारला, आणि कागद फायलीत घालायला उचलला. बेबीनंदाने त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

"पोच द्या," ती म्हणाली.

मोनाली दाराला टेकून पोट धरून उभी होती. हे तिने बेबीनंदाला कधी शिकवलं नव्हतं.