मीताकडे मागू नये

त्या वर्षी मीतबा गुरं न घेता आले.

एरवी थंडी पडली की ते वरच्या डोंगरातून गुरं घेऊन आमच्या गावात उतरायचे. भाताची कापणी झालेली असायची, बागेत संत्री रंगायला लागलेली असायची. त्यांची गुरं फाल्गुनापर्यंत आमच्या रिकाम्या खाचरांत बसायची. त्यांना चारा, आम्हाला शेण. बी.एस्सी. होऊन मी जिल्ह्याच्या माती-परीक्षण प्रयोगशाळेत लागले, तेव्हा सगळ्यात आधी आमच्याच शेताची माती तपासली. गुरं बसायची त्या खाचरांतला सेंद्रिय कर्ब बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाला. मोठ्या उत्साहानं हे माझ्या बाला सांगितलं, तर तो म्हणाला, "एवढं कळायला इतकी वर्षं शिकलीस होय?"

बा आणि मीतबा एकमेकांचे मीत होते. आम्ही दक्षिण भूतानचे, नेपाळी बोलणारे, टोपीवाले. ते उत्तरेकडचे, गुडघ्यापर्यंतचा झगा घालणारे, बुद्धाला मानणारे. दोघांचं कूळ वेगळं, देव वेगळा, भाषा वेगळी. म्हणूनच तरुणपणी दोघांनी समोरासमोर बसून, टिळे लावून, भेटी देऊन हे नातं जोडलं होतं. जोडलेलं नातं सख्ख्यापेक्षा कडक असतं. मीताचं नाव घ्यायचं नाही. वाटेत मीत भेटला तर डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवायचं आणि दोघांनी वाकून नमस्कार करायचा, मग पाऊस असो की चिखल. एक गेला तर दुसऱ्यानं सुतक पाळायचं. मीतबांचं नाव नामगे होतं, हे मला शाळेत गेल्यावर कुणा तिसऱ्याकडून कळलं.

आणखी एक नियम होता. मीतानं तोंडानं काही मागितलं तर नाही म्हणता येत नाही. म्हणून शहाणा मीत कधीच मागत नाही. त्या दोघांनी सगळा जन्म एकमेकांच्या मनातलं ओळखण्यात घालवला. एकदा मीतबांची लोणी घुसळायची लाकडी नळी तडकली. त्या दिवशी त्यांनी आमच्या बांधावरच्या चिलौनीच्या झाडाची इतकी स्तुती केली की माझी आमा वैतागून म्हणाली, "आता झाडाला टिळा लावायचा का?" दुसऱ्या सकाळी बानं झाड तोडलं होतं. उलट बाला दोर हवा असला की तो मीतबांच्या देखत आमाला ओरडायचा, हे असले कुजके दोर घरात ठेवतेस कशाला. आमा निमूट ऐकून घ्यायची. तिचा दोराशी काही संबंध नसायचा.

त्याच्या दोन वर्षं आधी शाळेतून आमची भाषा काढून टाकली होती. पुस्तकं पोत्यांत भरून नेली. मग हुकूम आला की घराबाहेर पडताना सगळ्यांनी उत्तरेचा झगा घालायचा, नाहीतर दंड. उन्हात तो जाड झगा घालून आमची माणसं नांगरायला लागली. बाजवळ मात्र मीतबांनी फार पूर्वी भेट दिलेला, मापाचा, हातमागावरचा झगा होता. लोक त्याला "सरकारी जावई" म्हणायचे. बासुद्धा हसायचा. तेव्हा अजून हसायला येत होतं.

मग कोण इथला आणि कोण बाहेरून आलेला, हे ठरवायला माणसं आली. मोर्चे निघाले, शाळा बंद झाल्या, शाळांत शिपाई राहायला आले. पहिल्यांदा घोषणा देणाऱ्यांना नेलं, तेव्हा गावात म्हणायचे, त्यांना कुणी सांगितलं होतं ओरडायला. मग न ओरडणाऱ्यांची घरं रिकामी व्हायला लागली. प्रत्येक घराच्या बाबतीत काहीतरी कारण सापडायचं. याचा भाऊ मोर्चात होता, त्याचं सरकारशी आधीपासूनच वाकडं. कारण सापडलं की बाकीच्यांना बरं वाटायचं. मलाही वाटायचं. उद्यापासून कामावर येऊ नका, असं मला प्रयोगशाळेत सांगितलं, तेव्हा माझे सहकारी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत उभे होते. त्या चिठ्ठ्या मीच लिहिलेल्या होत्या.

आमच्या वाडीत शेवटी आमचंच घर उरलं. जाणाऱ्यांना एका कागदावर सही करावी लागायची, की आम्ही आमच्या इच्छेनं देश सोडतो आहोत. मग फोटो काढायचे. बा प्रत्येक वेळी कचेरीत जाऊन एकच उत्तर देऊन यायचा. "इच्छेनं जातो असं लिहायचं आहे ना साहेब? मग इच्छा झाली की लिहितो."

आमच्या भागाचा अधिकारी, दुङ्पासाहेब, माझ्याहून थोडाच मोठा होता. गोड बोलायचा. त्याच्या आजोबांचाही दक्षिणेत एक मीत होता, हे तो अभिमानानं सांगायचा. त्यामुळे मीतपण म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

तर मीतबा आले, ते गुरांशिवाय. बरोबर दोन शिपाई होते, ते खाली पाणवठ्यापाशीच बसले. मीतबांनी झग्यावर पांढरं उपरणं घेतलं होतं, कचेरीत जाताना घेतात तसं. आमच्या घरी येताना त्यांनी ते कधी घेतलं नव्हतं. बा ओसरीवरून उतरला. दोघांनी वाकून नमस्कार केला. आमानं चहा ठेवला. मीतबांनी पेल्याला हात लावला नाही.

ते यंदाच्या बर्फाबद्दल बोलले, गाभण गाईबद्दल बोलले. त्यांची बोटं उपरण्याच्या टोकाशी चाळा करत होती. घरावर नजर टाकायची ते टाळत होते. ज्या माणसानं आयुष्यभर त्यांच्या मनातलं ओळखलं, त्याला ते सही मागायला आलेत हे ओळखायला किती वेळ लागणार?

"मीतज्यू," बा म्हणाला, "आज मीच काही मागतो."

मीतबांनी वर पाहिलं. "मागा."

"तुम्ही माझ्याकडे काही मागू नका."

मग मीतबा हसले. खांद्यांवरचं ओझं काढून घेतल्यावर माणूस हसतो, तसे. त्यांनी तो गार चहा एका दमात पिऊन टाकला आणि म्हणाले, गार झालेला चहासुद्धा तुमच्याकडे बरा लागतो. आमानं लगेच दुसरा पेला भरला.

मला बाच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. रसायनशास्त्रात असं असतं. विषाचा कण जिथे चिकटणार, ती जागा आधीच दुसऱ्या कणानं अडवून ठेवायची, मग विष लागू पडत नाही. मी आमाला तसं समजावूनही सांगितलं. ती म्हणाली, "आणि विष मग जातं कुठे?" मी म्हटलं, विरून जातं. उताराच्या खाली मीतबांनी वळून पुन्हा एकदा नमस्कार केला. शिपाई उठले आणि ते तिघं निघून गेले.

काही दिवसांनी बाजारातून बातमी आली. मीतबांनी कचेरीत जाऊन एवढंच सांगितलं होतं की मला मागता आलं नाही. का, ते सांगितलं नाही. त्यांना शाळेत ठेवलं होतं. मी ज्या शाळेत पाढे शिकले, तीच. आता तिच्या खिडक्यांना पत्रे ठोकले होते.

"सोडतील," बा म्हणाला. "ते त्यांच्यातलेच आहेत."

नंतरही तो हेच म्हणत राहिला, पण जेवण कमी झालं. पाणवठ्यावर जायचं त्यानं सोडलं, कारण तिथून शाळेचं छप्पर दिसायचं.

मग एका सकाळी मीतबांच्या घरून मीतआमा आल्या. एकट्या, पाठीला डोको, म्हणजे बांबूची टोपली. तीत वाळलेलं चीज होतं, दर वर्षीसारखं. त्या ओसरीवर बसल्या, आमानं वाढलेला भात खाल्ला. बर्फ लवकर पडलं म्हणाल्या. गाईला कालवड झाली म्हणाल्या. नवऱ्याचं नाव नाही, शाळेचं नाव नाही, कचेरीचं नाही. मी उंबऱ्यात बसून वाट पाहत होते की आता मागतील. मागितलं असतं, तर मी त्यांच्यावर चिडू शकले असते.

निघताना त्या डोको उचलून म्हणाल्या, "गुरांना खाली यायची वाट पाठ आहे हो. पण पुढे चालायला माणूस लागतं."

एवढंच बोलून त्या उतरून गेल्या. आमा आत गेली आणि चुलीपाशी उगाच राख सारत बसली.

मी बाशी भांडले. म्हटलं, सही केलीस तर घर, बाग, खाचरं सगळं जाईल, पुन्हा कधीच मिळणार नाही. आणि मीतबांना ते जन्मभर थोडेच कोंडून ठेवणार आहेत? तू सही केलीस तरी सोडतील कशावरून? तू म्हणालास तसे ते त्यांच्यातलेच आहेत. मी एकेक मुद्दा नीट मांडला. शेवटी म्हटलं, "आणि त्यांनी तर मागितलंसुद्धा नाही, बा."

"म्हणून तर," तो म्हणाला.

मग, माझ्याकडे न बघता, "मागायला मी नको होतं, छोरी. माझी चाल चुकली. त्यांनी मागितलं असतं, तर मी गेलो असतो आणि ते घरी राहिले असते."

दुसऱ्या दिवशी त्यानं मीतबांनी दिलेला झगा घातला आणि मला बरोबर घेऊन कचेरीत गेला. दुङ्पासाहेबानं खुर्ची दिली, विडा पुढे केला. बानं सही केली. मग आम्हाला बाहेर भिंतीपाशी उभं केलं आणि कॅमेरेवाला म्हणाला, हसा. मला वाटलं, बा हसणार नाही. बा हसला. अगदी दात दाखवून, लग्नातल्यासारखा. फोटो चांगला आल्याशिवाय शाळेचं दार उघडणार नाही, हे त्यानं ओळखलं होतं. मीच तेवढी तोंड वाकडं करून उभी राहिले, म्हणून फोटो पुन्हा काढावा लागला.

"बघा," दुङ्पासाहेब म्हणाला, "शेवटी आपल्याच इच्छेनं झालं. त्यात गोडवा राहतो."

संत्री तोडायची राहिली होती. ट्रक आला तेव्हा झाडं नुसती लगडलेली होती. आमानं दार ओढून घेतलं, पण कडी लावली नाही. लावली तर तोडतील, म्हणाली.

खालच्या वळणावर रस्त्याच्या कडेला वरच्या गावांतली माणसं रांगेत उभी केली होती. आम्ही आनंदानं चाललो आहोत आणि शेजारी प्रेमानं निरोप देत आहेत, असं कुठेतरी दाखवायचं असावं, कारण तिथेही कॅमेरा होता. एक शिपाई मधूनमधून ओरडत होता, हात हलवा. ट्रक वळणावर हळू झाला. रांगेत मीतबा होते. सोडलं होतं तर. डोकं भादरलेलं, झगा अंगावर लोंबत होता, बाजूला शिपाई. आमच्यात आणि त्यांच्यात अंगणाएवढंसुद्धा अंतर नव्हतं.

बा उठून उभा राहिला. ट्रकच्या फळीवर पोट टेकवून, वाकता येईल तेवढा वाकून त्यानं नमस्कार केला. टोपी निसटली ती आमानं धरली.

मीतबा हात हलवत होते. बाकीचे हलवत होते तसाच. आमच्या ट्रककडे बघत, पुढच्या ट्रककडे बघत, मागच्या ट्रककडे बघत. थांबले नाहीत, वाकले नाहीत.

आता आम्ही नेपाळात, एका नदीच्या गोट्यांवर, बांबू आणि प्लास्टिकच्या झोपडीत राहतो. मुलं जुलाबानं मरतात. मी पाण्यात क्लोरीन किती घालायचं ते मोजून देते. पुरेसं कधीच नसतं. बा दिवसभर बसून असतो. रोज कुणीतरी नव्यानं येतं, आणि बा विचारतो की आमच्या बाजूचं कुणी भेटलं का. कुणी भेटलेलं नसतं.

काल तो एकदम म्हणाला, "त्या वळणावर त्यांच्या डोळ्यांवर ऊन आलं होतं ना?"

तो रस्ता मला पाठ आहे. त्या वळणावर रांगेची पाठ उगवतीला होती आणि सकाळची वेळ होती. ऊन आमच्या तोंडावर येत होतं.

"हो बा," मी म्हटलं. "त्यांना काही दिसलंच नसणार."