सालाचं जेवण

ज्या वर्षी नातीचं, रूपालीचं, लग्न गावाऐवजी सुरतेच्या हॉलमध्ये लागलं, त्या वर्षीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, अभिमन नाना सकाळपासून ताट घासत बसले होते. ताट केव्हाच स्वच्छ झालं होतं. गेलेल्या बायकोच्या, रत्नाच्या, नावाची घागर भरून झाली होती. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवून झालं होतं. आता हाताला दुसरं काम नव्हतं.

शेजारची भागाबाई पुरणपोळ्या घेऊन आली. त्यांनीच तिला करायला सांगितल्या होत्या.

"नाना, एवढ्या कोनसाठे?"

"सालदारसाठे."

भागाबाईनं पदर तोंडाला लावला. "कोन सालदार? आते बठ्ठा पोरं मोबाइलना सालदार शेत!"

नानांनी पोळ्या झाकून ठेवल्या. पारोळ्याच्या बाजूच्या या गावात सालदाराचं, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला सुटायचं आणि आखाजीलाच धरलं जायचं. त्यांच्या घरची रीत अशी, की ज्याला ठेवायचं त्याला त्या दिवशी ओसरीवर जेवायला बसवायचं. त्यानं पहिला घास घेतला की साल ठरलं. मग वर्षभर कोणी शब्द मोडायचा नाही. शेवटचा सालदार वना दरवर्षी असाच जेवून म्हातारा झाला होता, आणि त्याच्यामागं ओसरीवर कोणी बसलं नव्हतं. नानांचा मुलगा हितेंद्र सुरतेला. कपाशी वाट्यानं दिलेली. वाटेकरी सकाळी मोटारसायकलवर येई, तसाच परत जाई. मळ्यात दिवसभर नाना आणि विहिरीवरचा पंप, एवढ्यांचाच आवाज. काल वनाच्या नातवाचा, योगराजचा, निरोप आला होता: नाना, आखाजीला येतो, काम आहे.

आखाजीला काम म्हणजे एकच. नाना रात्री नीट झोपले नव्हते.

योगराज ऊन चढल्यावर आला. अंगात टी-शर्ट, बुटांना माती.

"राम राम, नाना."

"ये भो. बठ. तुना आजा अठेच बठे, खांबले टेकीसन."

योगराज बसला. नानांनी ताट आणलं, पोळी वाढली, आमरसाची वाटी ठेवली. वरून तुपाची धार सोडली. योगराजनं ताटाकडं बघितलं आणि हात मांडीवर घेतले.

"नाना, आधी बोलस. मंग जेवस."

"बोल."

"मी सालनी बात कराले नही उनू."

नानांनी तुपाची वाटी खाली ठेवली. बाहेर कोणाच्या तरी अंगणात सासरहून आलेल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणत होत्या.

योगराज भराभर बोलू लागला. बहीण भाविकानं शेतीचा डिप्लोमा केला होता. दोघांनी मिळून घराच्या गच्चीवर ट्रेमध्ये मिरचीची, पपईची, कपाशीची रोपं करायला घेतली होती. गेली दोन वर्षं पाऊस एकदा पडून दडी मारत होता. पेरलेलं बी मातीतच भाजत होतं, लोक दुबार पेरत होते. तयार रोप हातात असलं तर पाऊस येईल तेव्हा लावता येतं, असं ती दोघं गावोगाव सांगत फिरली होती. मागणी आली. गावातली आणखी तीन पोरं कामाला लागली, त्यातला एक सुरतेची गिरणी सोडून आलेला. आणि गेल्या आठवड्याच्या उन्हात गच्चीवरची अर्धी रोपं करपली.

"तुमना मळामा इहीर शे, लिंबनी सावली शे. कोपरा दिधा तर शेडनेट टाकसूत. नही दिधा तर पोरं परत सुरतले जातीन. तो गिरणीवाला तर आतेच बॅग भरस."

"सुरतले," नाना म्हणाले. तो शब्द त्यांनी हळूच उच्चारला. मग त्यांनी ताटाच्या कडेवरची पुरणाची कणी बोटानं टिपली, पण खाल्ली नाही.

"कोपरा ले. बांधपासून इहिरपावत."

योगराजचे खांदे खाली आले. हसूही आलं, पण नानांचा चेहरा बघून त्यानं ते आवरलं.

"तठे दिवसभर कोन बठी?" नानांनी विचारलं.

"मी नि भाविका रोपं पोचाडाले जासूत. पोरं ट्रे भरतीन, त्या बी येतीन-जातीन. एक मानूस कायमना लागी. झारी माराले, माकडं हाकलाले, कोनी शेतकरी उना तर बोलाले. सालनं ठेवसूत कोनीतरी."

"मिळना का?"

"आजून नही."

नाना उठले. योगराजच्या पुढचं ताट उचललं. योगराजला वाटलं, म्हातारा रागावला. नाना खांबाजवळ आले, धोतर सावरून वनाच्या जागी खाली बसले आणि ताट स्वतःपुढं ठेवलं.

"वाढ," ते म्हणाले.

"नाना, आसं काय करतस? तुम्ही मालक."

"पोळी गार व्हई ऱ्हायनी, भो."

योगराज उठून उभा राहिला. मग त्यानं तुपाची वाटी घेतली.

मृगात शेडनेट उभं राहिलं. नाना सगळ्यांच्या आधी जाऊन बसत. पोरं आली की कोण उशिरा आलं, कोण फोनवर किती बोललं, हे मोठ्यानं सांगत. दुपारी पोरं गाडी भरून गेली की पुन्हा एकटे. तेव्हा ते पाणी दिलेल्या ट्रेंवरही दुसऱ्यांदा झारी फिरवत. परत आल्यावर भाविका ओरडे, "नाना, मुळं कुजतीन ना!" तिनं ओरडलेलं त्यांना आवडे.

दिवाळीला हितेंद्रचा फोन आला. त्याला कोणीतरी सांगितलं होतं.

"नाना, वनाच्या नातवाच्या हाताखाली? लोक काय म्हणतील?"

"म्हनू दे. लोक अठे येतस तरी."

मग हितेंद्रनं तब्येत विचारली.

पुढच्या वर्षी, आखाजीला साल सुटायला तीन दिवस उरले असताना, चैत्र अमावास्येच्या दुपारी अभिमन नाना वारले.